पुलापलीकडचं भाट्ये

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात आपल्या सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण. सभासदांच्या आग्रहावरून त्यांनीच ते लिहून दिलं आहे.)



मला कमिटीने विषय दिला होता 'सोसायटीची पंचवीस वर्षं'. पण तो विषय सेक्रेटरीसाहेबांनी अहवालात पूर्ण संपवून टाकला. बोअरवेल कधी मारली, लिफ्ट कधी बंद पडली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती वेळा केलं, सगळं त्यात आलं. मी बँकेतला माणूस, झालेली नोंद पुन्हा करणं हा आमच्याकडे दोष समजतात. म्हणून मी आज आपल्या गच्चीवरून जे रोज दिसतं त्याच्याबद्दल बोलणार आहे. म्हणजे भाट्ये.

आपण थिबा पॅलेसच्या उतारावर राहतो. खाली काजळी नदीची खाडी, तिच्यावरचा पूल, पुलापलीकडे माडांची आणि सुरूंची रांग, आणि तिच्या पुढे दीड किलोमीटरची सरळ पुळण. थिबा राजाला ब्रिटिशांनी १८८६ मध्ये ब्रह्मदेशातून इथे आणून ठेवलं, १९१०च्या सुमारास राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. म्हणजे आयुष्याची शेवटची काही वर्षं त्याने हाच देखावा पाहिला. त्याला तो बघावा लागला, आपण त्यासाठी होम लोन काढलं, एवढाच फरक.

माझ्या लहानपणी तिथे पूल नव्हता. पावसला जायचं तर राजिवड्याला उतरायचं आणि तरीतून भाट्याला जायचं. तर म्हणजे होडी, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. ओहोटीला होडी काठाला लागायची नाही, मग धोतर, लेंगे, लुगडी गुडघ्यापर्यंत वर आणि चपला हातात. माझी आजी होडीत बसली की पलीकडे पोचेपर्यंत डोळे मिटून स्तोत्र म्हणायची. पावसाळ्यात काजळीचं पाणी लाल व्हायचं आणि तर बंद. मग भाट्ये म्हणजे परदेशच. समुद्रावर जायचं तर गावातल्या माणसाला मांडवी होती. मुंबईहून बोटीने येणारे पाहुणे, त्यांच्या ट्रंका, हमाल, सगळी गर्दी बंदरावर. भाट्ये शांत. तिथे आगरं, झरी विनायकाचं देऊळ आणि कोलती माडांची, एवढंच. त्या देवळाशी बाराही महिने गोड्या पाण्याचा झरा वाहतो आणि समोर पन्नास पावलांवर खारं पाणी. लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा. आता कळतं की डोंगरावरचा कातळ पावसाचं पाणी जिरवतो आणि पायथ्याशी ते बाहेर येतं. वरचा कातळ आपण फोडून बंगले बांधत गेलो तर त्या झऱ्याचं काय होईल, हा प्रश्न मी आत्ता नुसता मांडून ठेवतो.

पूल झाला आणि भाट्ये आपल्या दाराशी आलं. एसटी स्टँडापासून तीन-चार किलोमीटर. मग १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि घाटावरची, मुंबईची मंडळी यायला लागली. गणपतीपुळ्याला जाणारा माणूस एक रात्र रत्नागिरीत काढतो, सकाळी टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग बघतो, दुपारी थाळी जेवतो आणि संध्याकाळी विचारतो, "इथे जवळचा बीच कुठला हो?" आपण सगळे एकच उत्तर देतो. त्या एका उत्तरावर आज भाट्यात टपऱ्या, घोडागाड्या, हॉटेलं, घरगुती खानावळी आणि खोल्या चालतात.

मला यात वाईट काही दिसत नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर म्हातारा पूर्वीचं सगळं चांगलं म्हणतो असा शिक्का बसेल. पूर्वी भाट्यातला तरुण मुंबईला गिरणीत नाहीतर बोटीवर जायचा. आज त्यातला एखादा घरी राहून चार खोल्या चालवतो, त्याची आई पाहुण्यांना सोलकढी करून घालते. हे चांगलंच आहे.

पण मी शेवटची काही वर्षं कर्ज विभागात होतो, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांचे प्रस्ताव पुष्कळ पाहिले आहेत. त्यातलं गणित तुम्हाला सांगतो, कारण आपल्यातले तीन-चार सभासद आता त्याच धंद्यात उतरले आहेत. समजा दहा खोल्या आहेत. वर्षाला ३,६५० खोली-रात्री. प्रस्ताव घेऊन येणारा माणूस नेहमी मे महिन्यातला भाव आणि मे महिन्यातली गर्दी धरून येतो. आम्ही त्याला कॅलेंडर पुढे ठेवायला सांगायचो. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार. झालं. जून ते सप्टेंबर इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, समुद्र खवळलेला असतो. सगळं जमवून ३,६५० पैकी १,१०० रात्री विकल्या गेल्या तर अडीच हजारांच्या भावाने साडेसत्तावीस लाख येतात. त्यातून पगार, वीज, जनरेटरचं डिझेल, चादरी-टॉवेल, एजंटचं कमिशन, आणि हप्ता. आणि एक खर्च जो कोणीच प्रस्तावात लिहीत नसे: खारा वारा. समुद्रालगत फ्रिज, एसी, खिडक्यांचे गज, पाण्याचे पंप, सगळं घाटावरच्या निम्म्या वयात मरतं. आपल्याला हे सांगायला नको, आपण खाडीपासून एवढे वर आहोत तरी जिन्याचे कठडे दोनदा बदलले.

पण या सगळ्या हिशेबात एक मालमत्ता ताळेबंदात कुठेच नसे. ती म्हणजे समोरची वाळू. हॉटेलाची इमारत तारण, जमीन तारण, फर्निचर तारण. पुळण मात्र कोणाच्याच खात्यात नाही, आणि गिऱ्हाईक तर तिच्यासाठीच येतो. ती गेली तर?

हा नुसता भीतीचा प्रश्न नाही. किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला जा. पांढरा समुद्र. माझ्या पिढीची शाळेची सहल तिथे जायची. मांडवीची वाळू काळी, तिच्यात इल्मेनाइटचे कण असतात. आणि मध्ये एवढा एक डोंगर आला की पलीकडची वाळू पांढरी, शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची. आम्ही दोन्ही वाळू बाटलीत भरून थरावर थर लावायचो. आज तिथे वाळूपेक्षा दगड जास्त दिसतात. मिऱ्याच्या लोकांनी गेली कित्येक वर्षं दर पावसाळ्यात बंधारा फुटण्याची वाट बघत रात्री काढल्या. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटून त्याच बंधाऱ्यावर येऊन आदळलं. आपण सगळे फोटो काढायला गेलो होतो. पण जहाज नसतं तरी बघायला जावं अशी गोष्ट तिथे होती, ती म्हणजे नाहीशी झालेली पुळण. रत्नागिरीकरांचा एक फिरायला जायचा किनारा आपल्या हयातीत गेला आणि आपण नुसते दुसऱ्या किनाऱ्यावर जायला लागलो. भाट्यानंतर मात्र जवळ तिसरा नाही. आरे-वारे आहे, पण संध्याकाळी सहा वाजता गुडघे दुखणाऱ्या माणसाने चालत फिरावं असा नाही.

भाट्यात काय होतंय ते तिथे रोज फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. सुरूबनाच्या समुद्राकडच्या कडेला दर पावसाळ्यात झाडं पडतात. मुळं उघडी पडलेली, झाड आडवं, पुढच्या वर्षी ते नाही आणि त्याच्या मागचं आडवं. सुरू हे झाड इथलं नाही. वारा अडवायला ते उत्तम, पण लाटेने खालची वाळू नेली तर ते टिकत नाही, कारण त्याची मुळं फार खोल नसतात. वाळू खऱ्या अर्थाने धरून ठेवते ती मर्यादवेल. जाड पानांची, जांभळट फुलांची वेल, वाळूवर हातपाय पसरून पडलेली असते. नावच बघा. समुद्राने इथवर यावं, पुढे नाही, असं आपल्या पूर्वजांनी त्या वेलीकडून वदवून घेतलं. ती वाऱ्याने येणारी वाळू अडवते, वाळूचा उंचवटा तयार होतो आणि पावसाळ्यातली लाट आधी तो उंचवटा खाते, मग मागची जमीन. आणि आपण काय करतो? जीप थेट वाळूत घालतो. दर रविवारी कोणाची तरी गाडी ओल्या वाळूत रुतते, भरती येत असते, मंडळी ट्रॅक्टर शोधत असतात. त्याची रील होते, लोक हसतात. पण ती गाडी रुतण्याआधी ज्या वेलीवरून गेली ती पुन्हा धरायला दोन-तीन पावसाळे जातात. आणि नंबर प्लेट बघा. पुणे-कोल्हापूरच्या असतात तशा एमएच ०८ सुद्धा असतात. आपलीच मुलं.

काजळीच्या मुखाबद्दलही बोललं पाहिजे. नदी सह्याद्रीतून गाळ आणते, समुद्र वाळू लोटतो, आणि दोघांच्या भांडणात मुखाशी वाळूचा दांडा साचतो. राजिवड्याच्या मच्छीमारांना त्या दांड्यावरून होडी काढताना जीव मुठीत धरावा लागतो; गाळ काढा म्हणून त्यांनी किती अर्ज केले असतील त्याला गणती नाही. आपण पुलावर उभे राहून सूर्यास्त बघतो तेव्हा खाली ओहोटीच्या चिखलात बायका मुळे काढत असतात. त्यांच्यासाठी ही खाडी म्हणजे देखावा नाही, संध्याकाळचं कालवण आहे. आणि आपल्या गटारांचं पाणी उतारानेच खाली जातं, ते कुठे जातं याचा विचार उतारावर राहणाऱ्यांनी करायचा नाही तर कोणी?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पुलाच्या या बाजूला नगरपरिषद, त्या बाजूला ग्रामपंचायत. भाट्ये आपण 'आपलं' म्हणतो, पण ते आपल्या हद्दीत नाही. घरपट्टी आपण इथे भरतो. संध्याकाळी कणीस खाऊन बुंधा टाकतो तिथे. वाढदिवसाचा केक तिथे कापतो, फुगे आणि थर्माकोल तिथे सोडून येतो. शहरातली हजारो माणसं आणि वर पर्यटक, यांचा कचरा उचलायचा एका खेड्याच्या पंचायतीने, तिच्या खेड्याएवढ्या बजेटमध्ये. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेव कोणाची, व्याज कोण खातो आणि खर्च कोणाच्या खात्यात, यांचा एकमेकांशी मेळ नाही. असं खातं जास्त दिवस चालत नाही.

कायदा आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. १९ फेब्रुवारी १९९१ची सीआरझेडची अधिसूचना आली तेव्हा आम्ही बँकेत ती कपाटात वरच ठेवली होती, कारण भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतला प्रत्येक प्रस्ताव तिच्यातून गाळून घ्यावा लागे. ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही असा तेव्हा नियम होता. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना ती मर्यादा ५० मीटरवर आणली. गावातल्या माणसाला स्वतःचं घर वाढवता येईना, त्यामुळे थोडी मोकळीक हवी होतीच, ते मी मान्य करतो. पण ही मीटरं भरतीरेषेपासून मोजायची असतात, आणि भरतीरेषाच आत सरकत असेल तर पट्टी कुठे लावणार?

भाट्यात एक चांगली गोष्ट आहे जी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी गेटच्या आत जाऊन पाहिलेली नसेल. नारळ संशोधन केंद्र. १९५५ पासून आहे, आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली. 'प्रताप' ही नारळाची जात तिथलीच. आणि 'लाखी बाग' ही कल्पनासुद्धा. माडामाडात साडेसात मीटर अंतर सोडायचं असतं, मधली जागा आपण रिकामी टाकतो. त्यांनी त्या सावलीत जायफळ, दालचिनी लावली, माडावर मिरीचा वेल चढवला, आणि एकाच आगरातून चार-पाच उत्पन्नं काढून दाखवली. मी कर्ज मंजूर करताना शेतकऱ्यांना आधी तिथे पाठवायचो. उंच जातीच्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, पण मग तो तुमच्या नातवापर्यंत देतो. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्टीत दहा माड बसतील असं मी पावलं टाकून मोजलं आहे. पार्किंगवाल्यांनी आत्ताच दचकू नये.

आता जरा आपल्या घरातलं. मागच्या सर्वसाधारण सभेत दिवसाच्या भाड्याने फ्लॅट देण्यावरून जी वादावादी झाली, ती सगळ्यांना आठवत असेल. एक वहिनी म्हणाल्या, "रात्री दोन वाजता कोण जिना चढतंय हे आम्ही का बघायचं?" त्यांचं बरोबर आहे. ज्यांनी फ्लॅट दिले ते म्हणाले, मुलगा पुण्याला, फ्लॅट रिकामा, मेंटेनन्स आम्ही कुठून भरायचा? त्यांचंही खोटं नाही. मात्र नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वाढवून त्यांना वठणीवर आणू, असं जे बोललं गेलं ते होणार नाही. सरकारच्या २००१च्या आदेशाने ती रक्कम सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नेता येत नाही. भांडायचंच असेल तर पाण्यावर भांडा. मे महिन्यात शीळ धरणाची पातळी खाली गेली की नळाला एक दिवसाआड पाणी. घरातली चार माणसं तेवढ्यात भागवतात, पण समुद्रात डुंबून आलेले आठ पाहुणे अंगावरची वाळू धुवायलाच टाकी रिकामी करतात. म्हणून माझं मत असं की फ्लॅट द्यायला हरकत नको, पण एप्रिल-मेमध्ये त्या फ्लॅटने स्वतःचा टँकर मागवावा, आणि पाहुण्यांची नावं आधी ऑफिसात लिहून द्यावीत. आणि प्रत्येक पाहुण्याला समुद्राची माहिती देणं ही घरमालकाची जबाबदारी.

हे शेवटचं मी मुद्दाम म्हणतो. २०१६च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. दरवर्षी आपल्या किनाऱ्यावर कुठे ना कुठे एक-दोन जीव जातात, आणि गेलेला माणूस बहुतेक वेळा लांबचा असतो. तो वाईट पोहणारा असतो असं नाही. त्याला ओहोटी माहीत नसते. भाट्यात तर खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी इतक्या जोराने बाहेर पडतं की कमरेएवढ्या पाण्यातला माणूसही पाय उचलला की गेला. आपल्या आजोबांना भरती-ओहोटी तोंडपाठ होती. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. एवढं गणित चौथीतला मुलगा करतो, पण ते तिकडे कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून माझी सूचना. रौप्यमहोत्सवानिमित्त गेटवर स्टीलची कमान उभारायची असं कमिटीच्या डोक्यात आहे. खाऱ्या वाऱ्यात तिचं काय होईल ते मी मघाशी सांगितलंच. त्याऐवजी भाट्ये ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, त्यांना विचारून, त्यांना हव्या त्या जागी आपण तीन गोष्टी द्याव्यात: मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये भरती-ओहोटीचा आणि खाडीमुखाच्या धोक्याचा फलक, दोरीसकट चार लाइफ बॉय, आणि मर्यादवेलीच्या पट्ट्यापुढे गाड्या अडवायला चिऱ्यांचा बुटका गडगा. मी अंदाजपत्रक काढलं आहे, कमानीच्या निम्म्यात बसतं. पैसे स्वेच्छा वर्गणीतून. मेंटेनन्सच्या खात्याला हात लावायचा नाही, नाहीतर ऑडिटर माझ्याकडेच बोट दाखवेल. माझे पाच हजार मी आज सेक्रेटरीसाहेबांकडे दिले आहेत, पावतीसह. फलकावर सोसायटीचं नाव छोट्या अक्षरात असावं, नसलं तरी चालेल.

ग्रामपंचायतीच्या लोकांशी मी दोनदा बोललो आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फलक लावाल हो, पण दुरुस्ती कोण करणार?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर आपल्याला आज द्यायचं आहे. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, रंग आणि दोऱ्या आपण बदलू, असं लेखी द्यावं असं मी सुचवतो. त्यावर नंतर चर्चा करा, मला विरोध करा, चालेल.

येत्या रविवारी सकाळी जागा बघायला जायचं आहे. द्वितीया आहे, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती आणि साडेसातला ओहोटी. पुळण पूर्ण उघडी मिळेल. सात वाजता गेटवर या. गाड्या पुलाअलीकडे ठेवायच्या आणि पूल चालत ओलांडायचा आहे, त्यामुळे ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी पावणेसातलाच निघावं.